१८-डी

मुंबईहून नागपूरला जाणारं साडेचारचं विमान. दिवाळी तोंडावर आलेली, त्यामुळे वरच्या कप्प्यांत बॅगा कमी आणि फराळाच्या पिशव्या जास्त. मी १९-एफवर, खिडकीशी. माणसं अजून आत येताहेत, आपापले नंबर शोधताहेत, मधेच थांबून कप्पा उघडताहेत आणि मागची रांग खोळंबते आहे.

माझ्या पुढच्या रांगेत खिडकीशी पाचेक वर्षांचा एक मुलगा सीटवर उभा राहून काचेला नाक लावतोय. मधल्या सीटवर त्याची आई, तिच्या मांडीवर सात-आठ महिन्यांची मुलगी. आईच्या पायाशी एक फुगलेली निळी पिशवी आहे. तिच्यातून दुधाची बाटली, वाइप्सचं पाकीट आणि एकच मोजा बाहेर डोकावतोय. वाटेकडच्या १८-डीवर पासष्टीच्या एक काकू. सुती साडी, पायांत स्पोर्ट्स शूज, पट्टा केव्हाच बांधलेला, मांडीवर पेपरातलं शब्दकोडं.

मागून, येणाऱ्या माणसांच्या उलट दिशेने, एक तिशीचा गृहस्थ वाट काढत येतो. मुलगा ओरडतो, "बाबा, पंख!" बाबा त्याच्याकडे बघून हसतात आणि काकूंपाशी वाकतात.

"काकू, एक रिक्वेस्ट होती. आम्ही फॅमिली आहोत, पण माझी सीट मागे आली. तुम्ही तिथे बसाल का? म्हणजे आम्हाला एकत्र बसता येईल."

बोलणं नम्र आहे. आणि त्याने आधी सीटवर बसून मग विचारलेलं नाही, हे मला विशेष वाटतं. कितीतरी जण आधी बसतात, मुलांना खाऊ देतात, पट्टे बांधतात आणि सीटचा मालक येऊन उभा राहिला की, "तुम्हाला चालेल ना?" असं विचारतात. तिथे तो प्रश्न नसतोच.

काकूंचं पेन थांबतं. "कोणती सीट?"

"पंचवीस."

"पंचवीस काय?"

"पंचवीस बी."

"म्हणजे मधली."

"हो... पण दीड तासाचाच तर प्रवास आहे."

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. प्रवास दीड तासाचाच असेल, तर तो काकूंसाठी जितका छोटा आहे तितकाच त्याच्यासाठीही. काकूंच्याही ते ध्यानात येतं, पण त्या वाद घालत नाहीत.

"नाही जी. आइल पाहिजे होती म्हणून मी पैसे भरून घेतली आहे ही." एवढं बोलून त्या पुन्हा कोड्यात मान घालतात.

आजूबाजूच्या चार रांगा एकदम शांत होतात. बाबांच्या चेहऱ्यावर राग नाही, गोंधळ आहे. असं उत्तर येईल हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं, आणि त्यात त्यांचा दोष आहे असं मला वाटत नाही. आपण सगळे रेल्वेत वाढलेली माणसं. विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी मुंबईहून निघते आणि सकाळी नागपूर दाखवते. त्या रात्रभरात डब्यात निम्म्या लोकांच्या जागा बदललेल्या असतात. वयस्कर माणसाला खालचा बर्थ मिळावा अशी सोय तिकिटाच्या यंत्रणेतच आहे. तरी नाही मिळाला तर समोरच्याला सांगायचं, "जरा ॲडजस्ट करा ना." तो करतो, कारण तिथल्या जागेची घडणच तशी आहे. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच वेळ उघडायचा. बाकीच्या वेळी खालच्या फळीवर तिघांनी बसायचं. ज्या फळीवर दिवसभर तिघं बसली, ती एका रात्रीपुरती दुसऱ्याला देताना फार जिवावर येत नाही. विमानातली सीट अशी कुणाशी वाटून घेतलेली नसते. तिकिटाचे पैसे वेगळे, ती निवडण्याचे वेगळे, आणि निवडली नाही तर यंत्र देईल ती घ्यायची. यंत्र बहुधा मधलीच देतं.

इतक्यात पलीकडून, १८-सीवरून, आवाज येतो. साठीचे काका आहेत, खिशाला दोन पेनं, मोबाइल गळ्यात.

"अहो ताई, लहान लेकरं आहेत. माणुसकी म्हणून तरी उठा."

आता बाबांनाही अवघडल्यासारखं होतं. "नाही नाही काका, असू द्या," ते म्हणतात. पण काका थांबायच्या बेतात नाहीत. "नाही म्हणायला काही कारण तरी सांगा," ते काकूंना म्हणतात.

काकू पेन कोड्यात ठेवून पेपर मिटतात. "असं करू. तुमची पण आइलच आहे ना? मी येते तुमच्या सीटवर. माझी ह्यांना देऊन टाकते. तुम्ही जा पंचवीस बीला. सगळ्यांचं होते."

मी मनातल्या मनात ताळा करून बघते. चोख जमतं. काकूंचं काही जात नाही, कुटुंब एका रांगेत येतं आणि माणुसकीही होते. आजूबाजूच्या सगळ्यांनीच ताळा केलेला दिसतो, कारण सगळ्या माना आता काकांकडे वळल्या आहेत.

"तसं नाही हो," काका म्हणतात. "मला जरा गुडघ्यांचा..."

"गुडघे मलाही दोन आहेत."

विसाव्या रांगेत कुणीतरी फिसकन हसतं.

काकूंना खरंच काही दुखणं आहे की नुसतीच आवड, हे मला माहीत नाही आणि त्या सांगतही नाहीत. सांगायला हवं असं मलाही वाटत नाही. एकदा कारण मागायला लागलं की त्या कारणाचं वजन करणारेही आपोआप उभे राहतात: एवढंच ना, मग काय झालं, माझ्या आईचं तर ऑपरेशन होऊनही ती मागे बसते. मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या बाईची अडचण उघड दिसते, म्हणून तीच तेवढी खरी वाटते. न दिसणारी अडचण चारचौघांत उलगडून दाखवावी लागते, आणि विमानात तर हे सगळं दोनशे माणसांच्या देखत.

विचारण्यात गैर काही नाही. फक्त विचारताना हातात काहीतरी असावं. आइलच्या बदल्यात आइल, खिडकीच्या बदल्यात खिडकी, जमलं तर दोन रांगा पुढची. मागची मधली देऊन पुढची आइल मागणं ही अदलाबदल नाही, देणगी आहे. देणगी मागता येते, पण नाही म्हटल्यावर वसूल करता येत नाही. बाबांनी मागितली आणि नकार ऐकून घेतला, इथवर सगळं रीतसर होतं. बिघडलं ते तिसऱ्या माणसाच्या उदारपणामुळे, कारण त्या उदारपणात त्याची स्वतःची सीट सुरक्षित होती.

वाट अडलेली पाहून एअर होस्टेस येते. विशी-बाविशीची, बोलण्यात कोल्हापूरकडचा हेल. "सर, काय झालं? मागची लोकं थांबल्यात."

बाबा सांगतात आणि शेवटी जोडतात, "मॅडम, नियम आहे ना? बारा वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांजवळ जागा द्यायची म्हणून?"

"आहे सर. आईवडिलांपैकी एकाजवळ. मुलगा आईशेजारीच बसलाय बघा."

ती बरोबर सांगते आहे. एप्रिल २०२४मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, विमान कंपन्यांना बजावलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाशेजारी जागा द्या आणि त्याची नोंद ठेवा. त्याआधी मूल एका टोकाला आणि आई दुसऱ्या टोकाला असे प्रकार होत होते, ते थांबावेत म्हणून हे. त्यातला ‘किमान एक’ हा भाग बातमी वाचताना बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. यंत्राने नियम तंतोतंत पाळला आहे. आई आणि मुलगा शेजारी, बाळ आईच्या मांडीवर आणि उरलेले बाबा सात रांगा मागे.

काका आता नव्या उत्साहाने उभे राहिलेत. गुडघ्यांचा विषय मागे पडावा अशी त्यांची घाई दिसते. पंगतीत पाट मांडणाऱ्या यजमानासारखे ते मान उंचावून पुढची-मागची डोकी मोजतात. "ती बघा, बाराव्या रांगेत तीन सीट रिकाम्या! तिथे बसवा ना ह्यांना."

"सर, ती इमर्जन्सी एक्झिटची रांग हाय. तिथं लहान मुलं, बाळं चालत नाहीत. वेळ आली तर तिथल्या माणसाला दार उघडायला लागतं."

"बरं. मग असं करा. पंचवीस एला कोण आहे? त्याला इथे पुढे आणा. ह्या ताई बाळाला घेऊन तिथे, नवऱ्याशेजारी. आणि हा मुलगा इथेच खिडकीशी राहील. शहाणा दिसतो."

शहाणा मुलगा काचेवर वाफ सोडून त्यात बोटाने काहीतरी काढतोय.

होस्टेस न चिडता उत्तर देते. आधी मुलाचं: मुलगा एकटा राहिला की मघाचा नियम मोडतो. मग बाळाचं: पंचवीस सीला आधीच एक बाई बाळ घेऊन बसल्या आहेत आणि तीन सीटांच्या एका बाजूला दोन बाळं बसवता येत नाहीत. वर बोट दाखवून ती सांगते, "इथं तीन माणसांना चार मास्क असतात सर. एक जादा असतो, एकाच बाळापुरता."

मी वर बघते. त्या बंद झाकणामागे चार पिवळे मास्क आहेत हे कधी मोजावंसं वाटलं नव्हतं. दोन वर्षांखालच्या बाळाला स्वतःची सीट नसते, ते मांडीवर बसतं आणि त्याचा छोटा पट्टा आईच्या पट्ट्यात ओवतात. पण हवेचा दाब कमी झाला तर त्यालाही स्वतःचा मास्क लागतो. म्हणून कुठलं बाळ कुठल्या रांगेत आहे हे क्रूला ठाऊक असावं लागतं, आणि म्हणून हे असं परस्पर पाट उचलून दुसरीकडे मांडणं त्यांना चालत नाही. काका बसतात. मोबाइल काढून काहीतरी महत्त्वाचं वाचू लागतात.

दार बंद व्हायची वेळ झाली आहे. बाबा परत फिरतात. आई इतका वेळ एक अक्षर बोललेली नाही. बाळाला एका हाताने थोपटते आहे, दुसऱ्या हाताने मुलाला खाली बसवते आहे. तिची ह्या सगळ्यात काय इच्छा आहे हे कुणी विचारलेलंच नाही.

काकू तिच्याकडे वळतात. "एक सांगू का?"

"सांगा ना काकू."

"मोठ्याला देऊन टाक ना बापाजवळ. एकेकाकडे एकेक. तो काहून रिकामा बसते तिकडे?"

बाबा थबकतात. होस्टेस थबकते. माझ्या शेजारचा इतका वेळ डोळे मिटून बसलेला माणूस डोळे उघडतो. इतकी सरळ गोष्ट, पण ह्या दहा मिनिटांत ती कुणालाच सुचली नव्हती. मलाही नाही. दोन्ही मुलं आईजवळ हे आम्ही सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं आणि प्रश्न फक्त एवढाच उरला होता की बाबांना मदतीला तिथपर्यंत कसं आणायचं.

"तो माझ्याकडे राहील?" बाबा विचारतात, आणि हे त्यांनी आपल्याच बायकोला विचारलेलं असतं.

"विचारून बघ त्यालाच," आई म्हणते.

मुलगा वाटाघाटीला पक्का आहे. तिथे खिडकी आहे का? होस्टेस म्हणते, विचारून येते. पंख दिसतो का? "तिथनं तर पंखाच्या मागच्या फळ्या दिसतात. उतरताना त्या खाली येतात, बघ." हा मुद्दा निर्णायक ठरतो. मुलगा उतरून आईच्या गुडघ्यांवरून, काकूंच्या शब्दकोड्यावरून वाटेत येऊन उभाही राहतो.

होस्टेस मागे जाते. पंचवीस एवर कॉलेजातली एक मुलगी आहे. होस्टेस वाकून हळू आवाजात तिच्याशी बोलते. काय बोलते ते माझ्यापर्यंत पोचत नाही, आणि तेच बरं आहे. नाही म्हणायचं असेल तर तिला ते दोघींतल्या दोघींत म्हणता येईल. ती नाही म्हणत नाही. सॅक उचलून, चार्जरची वायर गुंडाळत पुढे येते. खिडकीच्या बदल्यात खिडकी, वर सात रांगा पुढची. ह्याला अदलाबदल म्हणता येईल.

१८व्या रांगेपाशी येऊन ती बघते: मधे बाळ घेतलेली बाई, पलीकडे रिकामी खिडकी. "ताई, तुम्हीच सरका खिडकीशी. बाळाला दूध पाजायला वगैरे बरं पडेल. मी झोपणारच आहे."

"अगं, पण तुझी विंडो होती."

"असू द्या."

हिला कुणी माणुसकीची आठवण करून दिली नव्हती. काका मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणतात, "व्वा! ह्याला म्हणतात संस्कार." काकू त्यांच्याकडे बघतही नाहीत.

होस्टेस हातातल्या कागदावर काहीतरी टिपून घेते, बाळाचा पट्टा एकदा ओढून पाहते आणि पुढे पळते. विमान मागे ढकललं जातं.

वर गेल्यावर अर्धा तास सगळं ठीक चालतं. मुलगी म्हणाल्याप्रमाणे झोपली आहे. काकू दोनदा उठून मागे जाऊन येतात आणि दोन्ही वेळा कुणाला "जरा उठता का" म्हणावं लागत नाही. माझ्या पुढच्या खिडकीशी आई खांद्यावरून ओढणी घेऊन बाळाला पाजते. सकाळपासून पहिल्यांदाच तिला हातात एकच मूल मिळालं असावं, कारण ती मधेच मान मागे टेकून डोळेही मिटून घेते.

मग मागून निरोप येतो. होस्टेस ट्रॉली सोडून पुढे येते. "मॅडम, ते विचारत्यात, निळी पिशवी कुठाय?"

पिशवी अर्थातच आईच्या पायाशी आहे. होस्टेसला ट्रॉलीच्या पलीकडे जाता येत नाही, बाबांना अलीकडे येता येत नाही आणि मागे काहीतरी सांडलेलं आहे. आई पिशवीतून वाइप्स, चड्डी, पॅन्ट आणि बिस्किटांचा पुडा काढते. "बाटली राहू दे, ती हिची." ते गाठोडं काकूंकडून वाटेपलीकडे काकांकडे, तिथून एकोणीस, वीस, एकवीस असं हातोहात मागे जातं. चड्डीवर डायनोसॉर आहेत आणि ते आता निम्म्या विमानाला माहीत झालंय. काका आपला वाटा अगदी मन लावून उचलतात.

मागून मुलाचा स्वच्छ आवाज येतो, "बाबा, ही उलटी आहे!"

आई हसते. उठायला जाते, मग पट्ट्याकडे हात नेऊन थांबते. "करेल तो," ती स्वतःशीच म्हणते, पण फटीतून मला ऐकू येतं.

नागपूर जवळ येतं. विमान उंची सोडू लागल्याची सूचना होते. काकू शब्दकोडं पिशवीत सरकवतात आणि झोपलेल्या मुलीच्या पलीकडे वाकून म्हणतात, "आता पाज थोडं. कान दुखतात उतरताना."

"झोपलीय ना हो काकू."

"मग उठव. झोपेत गिळत नाही ते. गिळलं की कान मोकळे होतात."

आई बाळाला उठवते. बाळ रडून निषेध नोंदवतं, मग दूध ओढू लागतं. तीन रांगा मागे दुसरं कुणाचं तरी मूल कानांसाठी टाहो फोडतंय. ह्या रांगेत शांतता आहे. बाहेर पंखाच्या मागच्या फळ्या खाली सरकतात, आणि पंचविसाव्या रांगेतून त्याचं धावतं वर्णन सगळ्या विमानाला ऐकू येतं.

चाकं टेकतात. पट्ट्याची खूण विझायच्या आधीच क्लिक-क्लिक असे आवाज सुरू होतात. खूण विझताच काका सर्वांत आधी उभे राहतात, बॅग काढतात आणि वाटेत आडवी ठेवतात. दार उघडलेलं नाही, रांग हललेली नाही, पण ते निघाले आहेत. काकू बसूनच आहेत.

गर्दी ओसरल्यावर बाबा मुलाला कडेवर घेऊन येतात. शर्टावर ओला डाग, एका हातात दुसरी पॅन्ट. मुलगा आईला फळ्यांचं सगळं पहिल्यापासून सांगायला लागतो.

"झोपली होती का ही?" बाबा विचारतात.

"सगळा वेळ. तिकडे काय काय झालं?"

"दोनदा सू. एकदा पाणी. आणि पलीकडच्या बाळाच्या आईला ह्याने आपली सगळी बिस्किटं देऊन टाकली." बाबा काकूंची बॅग कप्प्यातून काढून त्यांच्यासमोर ठेवतात. काकू "हो जी" म्हणून हँडल ओढतात.

"परतीची तिकिटं?" आई विचारते.

"पाच तारखेची आहेत."

"सीट घेतल्यास?"

बाबा खिशातून फोन काढतात. "किती घेतात गं एका सीटचे?"

"मी चारशे भरले," पुढे निघालेल्या काकू मागे न वळता म्हणतात.

"तीन सीट म्हणजे बाराशे," बाबा पुटपुटतात आणि फोन उघडायला मुलाला खाली ठेवतात. मुलगा तेवढ्यात रिकाम्या रांगांतून थेट मागे, पंचवीसच्या खिडकीकडे पळत सुटतो.